खंडेनवमीला धुतलेलं नाटक

पूर्णा जंक्शन,
कोजागिरीचा दुसरा दिवस, १९९२

अखंड सौभाग्यवती महाराणी मंजुळावती, ऊर्फ निवृत्त पार्सल क्लार्क श्री. बन्सीधर, मुक्काम खांडवा, यांस त्यांचे रणांगणी पडलेले, परंतु अद्याप पेन्शन खात असलेले पती, निवृत्त गार्ड व्यंकटराव, यांचा पूर्णेहून प्रेमाचा दंडवत. इकडे पोखर्णीच्या नृसिंहाच्या कृपेने सगळे धडधाकट आहोत. तिकडे तुझे गुडघे, वहिनींचा दमा आणि तुझी मिशी यांची तब्येत कशी आहे ते सविस्तर कळवावे. (मिशीचं मुद्दाम विचारतो. राणीच्या पार्टासाठी ती काढायला तू एकाही वर्षी तयार झाला नाहीस आणि दरसाल अख्खं नाटक नाकावर पदर धरून केलंस. पोखर्णीच्या बाया अजून म्हणतात, त्या नाटकातली राणी लय लाजाळू होती.)

आता तू म्हणशील, पत्र हातानं लिहिलंय त्यात काय विशेष. विशेष असं की आमच्या घरात सध्या एक कॉम्प्युटर आहे आणि तरी मी हातानं लिहितोय. ते का, हेच तुला सांगायचंय. पण आधी गावाची हालहवाल. लोको शेडमधली निम्मी इंजिनं थंड पडलीत. मनमाडकडून मोठी लाइन टाकत टाकत येतायत, आज ना उद्या पूर्णेलाही येईल म्हणतात. मग आपली बारकी गाडी गेलीच म्हणून समज. पहाटे शंटिंगचा आवाज कमी झाल्यापासून मला उशिरापर्यंत झोप लागते, आणि उशिरा उठलो की दिवसभर चुकल्यासारखं वाटतं. रनिंग रूमच्या मागचं ते लिंबाचं झाड, ज्याच्या खाली आपल्या तालमी व्हायच्या, ते अजून आहे. स्टेशनसमोरचा भजीवालाही आहे. त्यानं हॉटेलला रंग दिला, खुर्च्या नव्या घेतल्या, पोराच्या नावाची पाटी लावली. तेल मात्र निजामाच्या राज्यातलंच ठेवलंय.

तर कॉम्प्युटर. आमचा मुलगा सिताराम पुण्याला एका कंपनीत आहे हे तुला ठाऊक आहेच. त्या कंपनीनं जुनी मशीनं काढून टाकली, त्यातलं एक त्यानं उन्हाळ्यात एसटीच्या टपावर घालून घरी आणलं. (देवगाव फाट्यावर गाडी बदलताना हमालानं ते टीव्ही समजून उलटं धरलं. सितारामचं म्हणणं, त्यानं काही बिघडत नाही. माझं म्हणणं, गार्डच्या डब्यातून आलं असतं तर उलटं झालंच नसतं.) मशीनमधली मोठी डिस्क कंपनीतच मेलेली होती. राहिला फक्त फ्लॉपीचा खाचेचा डबा. फ्लॉपी म्हणजे पापडाएवढी काळी चकती, चौकोनी पाकिटात घातलेली. एका फ्लॉपीवर मशीन सुरू करायचा आणि मराठी अक्षरं उमटवायचा प्रोग्रॅम, दुसरीवर आपण लिहिलेलं. पण दर चार ओळींनी ते मशीन अक्षरं आणायला फ्लॉपीकडे जायचं, आणि जाताना असं घरघरायचं की आमची सौ. नर्मदाबाई स्वैपाकघरातून विचारायची, 'आवो, कोण घोरायलंय?' शिवाय आपल्या गावची धूळ. फ्लॉपीत एक कण गेला की संपलं.

म्हणून सितारामनं एक युक्ती केली. मशीनच्या डोक्यात, म्हणजे मेमरीत, बरीच जागा रिकामी होती. त्यातला एक तुकडा वेगळा काढून त्यानं मशीनला सांगितलं, हीच तुझी डिस्क समज. तिचं नाव सी. मला हे काही केल्या समजेना. डिस्क नाही, चकती नाही, फिरणारं काही नाही, तरी मशीन म्हणतं डिस्क आहे. शेवटी आपला पोखर्णीचा रंगपट आठवला आणि लख्ख डोक्यात शिरलं. देवळाच्या सभामंडपात दोन खांबांना धोतरं बांधून आपण खोली करायचो, आठवतं? त्या खोलीत राजाचा मुकुट, तुझा शालू, सगळं असायचं, लोकही बाहेरून विचारून आत यायचे. सकाळी धोतरं सोडली की खोली गायब. सी डिस्क म्हणजे तेच. लाइट आहे तोवर खोली. लाइट गेली की नुसते खांब.

या धोतराच्या खोलीचे उपयोग मात्र विचारू नकोस. सकाळी मशीन लावलं की मराठीचा सगळा प्रोग्रॅम सी वर उचलून ठेवायचा, मग दिवसभर फ्लॉपीला हात लावायची गरज नाही. अक्षरं मनात यायच्या आत पडद्यावर. आवाज बंद, धुळीची भीती बंद, फ्लॉपीची झीज बंद. तात्पुरतं काही लिहायचं तर सी सारखी जागा नाही: आकडेमोड करा, चुकीचं टाइप करा, आवरायची तकलीफ नाही, वीज मंडळ येऊन झाडून जातं. आणि सगळ्यात मोठा उपयोग मी स्वतः शोधून काढलाय. रागाची पत्रं. गणपतीत कर्णा लावणाऱ्या शेजाऱ्याला, पोस्टमास्तरला, आमच्या व्याह्यांना, ज्यांना ज्यांना तोंडावर बोलता येत नाही त्यांना मी सी वर सविस्तर पत्रं लिहिली. कोणाची भीड ठेवली नाही. तेवढ्यात लाइट जायची आणि पत्रही जायचं, आणि माझं डोकं शांत. (तुलाही बरीच लिहिली. तू खांडव्याला गेल्यापासून दिवाळीला एक कार्ड टाकतोस, तेही छापील. त्यावर मी जे लिहिलंय ते वीज मंडळानं वाचलं असेल तर तुझी खैर नाही.)

पण हे सगळं किरकोळ. खरं काम लिंबाजीनं लावलं. लिंबाजीचं तुला कोणी कळवलं नसेल म्हणून सांगतो. त्याचे डोळे गेले. इतकी वर्षं इंजिनाच्या भट्टीत बघत कोळसा मारला, नंतर ड्रायव्हर झाला तरी मान बाहेर काढून धूर खाल्ला. नांदेडच्या डॉक्टरनं बघितलं आणि म्हणाला, आता काही होणार नाही. छातीचाही भाता वाजतो. तरी रोज संध्याकाळी काठी टेकत आमच्या घरी येतो, कारण त्याच्या घरी सुनेला टीव्ही बघायचा असतो. आषाढात एकदा बसल्या बसल्या म्हणाला, 'व्यंकट, मला आता दिसत न्हाई त्याचं काई न्हाई, पर "धगधगता चुडा" एकदा ऐकून मरावं वाटायलंय. पोखर्णीला. देवाम्होरं.' मी म्हटलं, करू की, त्यात काय. आणि म्हटल्यावर ध्यानात आलं की नाटक आहे कुठं?

कारण लिंबाजीनं ते कधी कागदावर उतरवलंच नव्हतं. त्याचे हात कायम काळे. धुतले तरी कागदाला डाग पडायचे, म्हणून त्यानं कागदाचा नादच सोडला होता. अख्खं नाटक डोक्यात जुळवलं, आणि लिंबाखाली बसवून एकेकाला तोंडी पाठ करून घेतलं. (फायरमनचं नाटक, त्यामुळं पहिल्या अंकात वाडा जळायचा, दुसऱ्यात जंगल, तिसऱ्यात चिता. चौथा अंक केला असता तर त्यानं नदीही पेटवली असती.) आता लिंबाजीला विचारावं तर त्याला पहिल्या अंकातलं तिसऱ्यात आठवतं. सेनापती वारला. प्रधान बदली होऊन तिकडे गुंतकलला गेला आणि तिथंच सासुरवाडी करून बसला. राहिलो मी, म्हणजे राजा. आणि राजाला आपल्या डायलॉगशिवाय दुसरं काही ऐकू येत नसतं. तरी श्रावणात मशीनपुढे बसलो. थोडं मला आठवायचं, थोडं लिंबाजी धरून द्यायचा, अडलं तर आम्ही दोघं उठून उभे राहायचो आणि तलवारी म्हणून फुटपट्टी आणि काठी घेऊन प्रवेश करून बघायचो. उभं राहिलं की पायांना आठवतं, पायांना आठवलं की तोंडाला येतं. असं करत करत नाटक जमायला लागलं. संध्याकाळी मी दिवसभराचं पडद्यावरून वाचून दाखवायचो आणि लिंबाजी डोळे मिटून ऐकायचा. (डोळे उघडे असले काय नि मिटले काय, पण ऐकताना तो मिटतो.) त्याच्या तोंडावर जे यायचं ते बघायला तू पाहिजे होतास. पोखर्णीचे आबासाहेब पाटीलही म्हणाले, जत्रेला मांडव आमचा, फक्त राणी जुनीच पाहिजे.

लिंबाजीचा एकाच गोष्टीवर विश्वास बसला नाही, तो म्हणजे सी डिस्क. ज्या यंत्राचा आवाज येत नाही ते चालू आहे हे त्याला पटेना. फ्लॉपी घरघरली की खुश: 'हां, आता काम करायलंय.' सी वर लिहायला लागलो की अस्वस्थ. पंखा फिरतो तेवढा आवाज यायचा, पण तो म्हणायचा, आग काढलेलं इंजिन पण बराच येळ फुसफुसतंय, त्याला काई चालू म्हणत न्हाईत.

आता माझी शिस्त ऐक, म्हणजे पुढचं कळेल. सुरुवातीला एकदा लाइट गेली आणि जळता वाडा सगळा विझला, तेव्हापासून मी शहाणा झालो. रोज सकाळी फ्लॉपीवरून सी वर, रोज संध्याकाळी सी वरून फ्लॉपीवर. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारं इन्व्हर्टरही आणून बसवलं. दोन अंक फ्लॉपीवर सुखरूप होते. तिसरा घेतला आणि फ्लॉपीचा डबा विचित्र कुरकुरायला लागला. मला धाक पडला, ऐन वेळी हा डबा नाटकच खाऊन टाकेल. म्हणून ठरवलं, आता याला रोज त्रास द्यायचा नाही. तिसरा अंक पूर्ण होईपर्यंत सी वरच ठेवायचा, मशीन बंदच करायचं नाही, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर एकदाच काय ते सीमोल्लंघन: सी सोडून फ्लॉपीवर. लिंबाजीला ही कल्पना इतकी आवडली की त्यानं गावभर सांगितलं. नवमीला सकाळी शेवटचा प्रवेश टाइप झाला. चिता पेटली, पडदा पडला. मी नुसता पडदा तेवढा बंद केला, म्हणजे मशीनची काच, जळू नये म्हणून, मशीन चालूच. आणि झेंडूची फुलं आणायला बाजारात गेलो. आयुष्यात इतक्या आनंदानं मी फुलं आणली नव्हती.

बन्सी, त्या दिवशी खंडेनवमी होती. तू आमच्या नर्मदाबाईची खंडेनवमी पाहिली आहेस. घरात जे जे राबतं ते धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, आणि त्या दिवशी त्याच्याकडून काम घ्यायचं नाही. विळा, अडकित्ता, शिलाईचं मशीन, माझी गार्डची शिट्टी, सगळं पाटावर. आणि या वर्षी तिच्या मनात आलं की घरात सगळ्यात जास्त राबणारं तर हेच. श्रावणापासून रात्रंदिवस. तिनं सण म्हणून सकाळीच येऊन ओट्यावर बसलेल्या लिंबाजीला विचारलं, 'भाऊजी, ते मशीन चालू हाय का बंद?' काच काळी. फ्लॉपी गप्प. लिंबाजीनं कान लावला आणि शेडमध्ये इंजिन तपासल्यासारखा निकाल दिला: 'बंदच हाय वैनी. नुसतं फुसफुसायलंय.' मग नर्मदाबाईनं इन्व्हर्टरचं बटण खाली केलं, वायरी सोडल्या, आणि धगधगती चिता, तिच्यावर चढायला निघालेली तू आणि खाली मरून पडलेला मी, सगळे मिळून आलो तिथं गेलो.

इथं थांबली असती तरी दोन अंक वाचले असते. पण खंडेनवमीला हत्यार धुतल्याशिवाय पुजत नाहीत. माझ्या दोन्ही फ्लॉप्या तिनं न्हाणीघरात नेल्या. शिकेकाईच्या पाण्यानं धुतल्या. (साबण लावला नाही, कारण साबणानं रंग जाईल. एवढी काळजी घेतली बिचारीनं.) मग कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून उन्हात वाळवल्या. मी फुलं घेऊन दारात आलो तर दोन्ही पाटावर, शिट्टीच्या शेजारी, थोड्या वाकलेल्या. आणि त्या पाकिटाला जी लांबट खिडकी असते, जिच्यातून आतली चकती दिसते, तिथं बरोबर हळदकुंकू. तिला वाटलं ते त्यांचं कपाळ.

फुलं खाली ठेवली आणि तिथंच उंबऱ्यावर बसलो. तिला आधी वाटलं मला ऊन लागलं. मग सगळं कळल्यावर ती जी उसळली! 'मी काय जीव घेतला का त्याचा? धुतलं नि पुजलं. इळा धुतल्यावर इळा कापायचं इसरतो का? तुमचंच यंत्र तेवढं नाजूक!' रागाचं पत्र लिहावं म्हटलं तर लिहायचं कशावर? सुरू करायची फ्लॉपीसुद्धा सौभाग्यवती होऊन बसलेली. सिताराम दिवाळीला नव्या फ्लॉप्या आणील तोवर मशीन म्हणजे नुसता डबा. आणि संध्याकाळ झाली, काठी वाजली. लिंबाजी आला. खुर्चीत बसला, डोळे मिटले आणि म्हणाला, 'वाच.'

मला त्याला सांगवेना. म्हातारा वैशाखातल्या जत्रेच्या आशेवर तग धरून आहे. मी काळ्या काचेपुढे बसलो आणि वाचायला लागलो, म्हणजे आठवेल तसं बोलायला लागलो. पहिल्या अंकात राजा शिकारीहून येतो तिथपर्यंत गाडी नीट गेली. पुढे प्रधान काय बोलतो ते येईना. घसा खाकरला, चष्मा पुसला, तरी येईना. आणि स्वैपाकघरातून, कणीक मळता मळता, आवाज आला: 'महाराज, ज्या वाड्याला आपण माहेर समजता त्याच्या वाशाला वाळवी लागलीय.' खणखणीत. प्रधान इथं असता तर पाया पडला असता. बन्सी, ती तालमीतला एकही दिवस चुकली नव्हती. आपण लिंबाखाली ओरडायचो आणि ती आमच्या क्वार्टरच्या मागच्या दारात चूल पेटवून आपला चहा करायची. अंक, प्रवेश, कोणाची एंट्री कुठून, सेनापती कुठं विसरायचा आणि विसरल्यावर काय ठोकून द्यायचा, सगळं तिला पाठ. श्रावणापासून मी आणि लिंबाजी फुटपट्टी घेऊन नाचत होतो आणि ही आतून ऐकत होती. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणे, 'मला कोण इचारलं?'

तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच चाललंय. मी बंद मशीनपुढे बसतो, अडतो, आतून डायलॉग येतो, मी तो वाचल्यासारखा पुन्हा म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर उतरवतो. लिंबाजी खुश. परवा म्हणाला, 'यंत्र आता बेस झालं. आधी चुकायलतं.' शेवटच्या प्रवेशापर्यंत सगळं आलंय. फक्त एक जागा सोडून. आणि तिथं माझा, नर्मदाबाईचा, यंत्राचा, कोणाचाच इलाज चालेना.

ती जागा तुला सांगायला नको. राजा रणांगणात पडलाय. राणी धावत येते, गुडघ्यावर बसते आणि मरणाऱ्या राजाच्या कानात काहीतरी सांगते. राजा डोळे मिटतो. काय सांगते ते लिंबाजीनं कधी रचलं नाही. आपण विचारलं तेव्हा काय म्हणाला होता, आठवतं? 'ते मी न्हाई सांगनार. नवराबायकोचं हाय. बन्सीनं त्याचं बघावं.' आणि बन्सीनं बघितलं. दरसाल अख्खी पोखर्णी पदरानं डोळे पुसत असताना तू माझ्या कानात सांगायचास: 'लवकर मर, भजी संपायलीत.' किंवा, 'गाढवा, शालूवर मेलास, सरक तिकडं, फाटला तर वैनी जीव घेतील.' (सरकलो नाही, फाटला, नर्मदाबाईनं जीव घेतला, शालू तिचाच.) मी ओठ चावून मरायचो. लोकांना वाटायचं काय वेदना दाखवतो राजा. लिंबाजी दर वर्षी तुला विचारायचा, काय सांगतोस रे कानात? तू म्हणायचास, राजाला विचार. मी म्हणायचो, राणीला विचार.

आणि मग अठ्ठ्याहत्तरची जत्रा. तू वाकलास, मी हसू दाबायची तयारी केली, आणि तू म्हणालास, 'व्यंकट, माझी बदली झाली. खांडव्याला. परवा जायलोय.' बस्स. दिवसभर सोबत होतो, एका ताटात जेवलो, तुला सांगायला तीच जागा सापडली. मला उठता येईना, काही विचारता येईना, मी मेलेला. डोळे मिटले तरी पाणी थांबेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परभणीपर्यंत बोलबाला झाला की मेलेला राजा रडला. तू गेलास, दुसरी राणी कोणी होईना, आणि नाटक बंद पडलं.

लिंबाजीच्या मनात तेच बसलंय. त्याला वाटतं, त्या कानात असं काही वाक्य आहे की ज्यानं मढ्याच्या डोळ्याला पाणी आलं. काल वाचन त्या जागेवर आलं आणि थांबलं. आतूनही आवाज येईना, कारण कानातलं तिलाही कधी ऐकू गेलं नव्हतं. लिंबाजी म्हणाला, 'अख्खं नाटक माझं, आन त्यातलं एक वाक्य मलाच ठाव न्हाई. तेवढं कळलं म्हंजे झालं.' आता मी त्याला काय सांगू? भज्यांचं सांगू? बदलीचं सांगू? मी काहीतरी रचून सांगितलं तर तो आवाजावरून ओळखेल की हे राजाचं आहे, राणीचं नाही.

तेव्हा पत्र वाचताच खांडव्याची गाडी धरून निघावे. ती थेट पूर्णेला येते आणि अजून तरी बारक्याच लाइनवर आहे, तुझ्या ओळखीची. वैशाखाची वाट बघू नकोस. जत्रा वैशाखात आहे, लिंबाजीचा भरवसा तेवढा लांब नाही. त्याच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बस (जमेल तसं), आणि त्याच्या कानात सांग. वहिनींना नमस्कार. थोरामोठ्यांस दंडवत, आणि मिशीस गोंजारणे.

तुझा,
तुझ्याच शालूवर मेलेला,
व्यंकट

ता. क. नर्मदाबाई सांगते, शालू तिनं तेव्हाच रफू करून ठेवलाय. मापाची शंका आहे म्हणून कंबर कळवावी. खरी कळवावी.

ता. क. हे पत्र बंद करत होतो तेवढ्यात लिंबाजी आला. आज त्यानं बसायच्या आधी मशीनच्या डब्यावर हात ठेवला, इंजिनाच्या अंगावर ठेवायचा तसा. म्हणाला, 'व्यंकट, हे दसऱ्याच्या आदीपासून थंडं हाय. मीच बंद हाय म्हणलं, मीच घात केला, ते मला त्याच दिशी कळलं. पर वैनी इतकं बेस बोलायल्यात, म्हणलं चालू द्यावं.' नर्मदाबाईनं आतून विचारलं, चहा घ्यायचा का. दोघं एकमेकांवर काही रागावलेले दिसले नाहीत, तेव्हा मीही सोडून दिलं.

ता. क. वर सी डिस्कचे उपयोग सांगताना लिहिलं की तुलाही रागाची पत्रं लिहिली. ती रागाची नव्हती. सुरुवात रागानं व्हायची खरी, छापील कार्डावरून वगैरे, पण खाली येईपर्यंत दर वेळी एकच ओळ उरायची, आणि ती लिहून झाली की मी लाइट जायची वाट बघत बसायचो. आज शाईनं लिहितोय, वीज मंडळाला काही करता येणार नाही. बन्सी, तू ये. लिंबाजीला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. माझ्या कानात काही सांगू नकोस. नुसता पूर्णेच्या फलाटावर उतर, मी आपोआप उठून बसतो.